नवं पिक पंधरा दिवस गोड, मग पुन्हा तीच खरखर: दोष मटेरिअलचा की कडेचा?

गिटारच्या पिकची, म्हणजे तारा छेडायच्या त्या छोट्या चकतीची, ही तक्रार मी इतक्या वादकांकडून ऐकली आहे आणि स्वतः इतकी वर्षं सोसली आहे, की आता समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य मला कळतं. नवं पिक आणलं की आवाज मोकळा येतो. दोन-तीन आठवडे मजेत जातात. मग जाड तारांवर बारीक खरखर सुरू होते, प्रत्येक सुराच्या आधी एक 'टिक' ऐकू यायला लागतं, बोटांतल्या बोटांत पिक फिरायला लागतं. वाटतं, हे नायलॉनच वाईट, आता सेल्युलॉइड घेऊन बघू. ते आणलं की पुन्हा दोन-तीन आठवडे छान, आणि पुन्हा जैसे थे. डबा भरत जातो, तक्रार मात्र हलत नाही.

माझाही असा एक डबा भरला. नायलॉन, असीटल, सेल्युलॉइड, पिवळसर पारदर्शक पॉलीइथरइमाइड, शिंग, लाकूड, केसीन, एक धातूचं. प्रत्येक पिक घेताना मला खात्री होती की उत्तर सापडलं. ते सापडलं नव्हतं, कारण मी प्रश्नच चुकीचा विचारत होते. 'कोणतं मटेरिअल चांगलं?' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे: जे पिक आता खराब वाजतंय, त्याचं नक्की काय बिघडलंय?

मटेरिअलने आवाजात फरक पडतो, याबद्दल वाद नाही. पण जी तक्रार काही आठवड्यांनी परत परत येते ती मटेरिअलच्या मूळ आवाजाची नसते. मूळ आवाज पहिल्या दिवशीही तोच होता. दरम्यानच्या काळात बदललेली असते ती पिकची कड. मटेरिअल फक्त एवढं ठरवतं की ती कड किती लवकर बिघडेल आणि कशा तऱ्हेने बिघडेल.

आधी निदान

मला हे कळलं ते एका रात्री रेकॉर्डिंग करताना. संथ तुकडा होता, एकेक सूर सुटा. माइक बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीच्या, समोर. हेडफोनमध्ये 'ए' आणि 'डी' तारांच्या प्रत्येक सुरामागे कोणी कागद ओरबाडतंय असं ऐकू येत होतं. तारा बदलल्या. माइक हलवला. शेवटी हातातलं पिक टेबललॅम्पखाली धरलं आणि भिंगातून पाहिलं. टोकाच्या एका खांद्यावर, म्हणजे टोकाशेजारच्या कडेवर, गुळगुळीत वळण राहिलंच नव्हतं. तिथे समांतर चरे होते, अगदी बारीक करवतीच्या दात्यांसारखे, आणि चऱ्यांमध्ये तारेवरून आलेली काळपट भुकटी बसलेली. ते पिक पलटून पाहिलं, तर दुसऱ्या अंगाला, समोरच्या खांद्यावर हुबेहूब तसेच चरे.

तेव्हापासून मी तीन चाचण्या करते. तिघींना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

पहिली नखाची. पिकची कड अंगठ्याच्या नखावरून हलक्या हाताने ओढा, दोन्ही दिशांनी. नवं पिक घसरतं. झिजलेलं पिक अडकत, थरथरत जातं. डोळ्यांना न दिसणारा चराही नखाला कळतो.

दुसरी तारांची. ॲकॉस्टिक गिटारवर सहसा खालच्या दोन बारीक तारा साध्या असतात आणि वरच्या चार गुंडाळलेल्या. इलेक्ट्रिकवर बहुतेकदा तीन साध्या, तीन गुंडाळलेल्या. आधी साध्या तारेवर सावकाश दहा आघात करा, मग गुंडाळलेल्या तारेवर. आवाज फक्त गुंडाळलेल्या तारेवर येत असेल तर तो कडेचा खडबडीतपणा आहे, किंवा पिक फारच तिरकं धरलं जातंय. दोन्हीकडे सारखाच 'टिक' येत असेल तर कडेला दोष देऊ नका. तिथे जाडी, कडकपणा आणि पिक तारेत किती खोल जातं हे बघायचं.

तिसरी चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि ती कोणी करत नाही. तेच पिक फिरवून मागच्या गोल कोपऱ्याने वाजवा. मटेरिअल तेच, जाडी तीच, हात तोच, फक्त कड न वापरलेली. गोल टोकामुळे आवाज थोडा बोजड होईल, तो भाग सोडून द्या आणि फक्त खरखरीकडे कान ठेवा. ती गेली? मग नवं मटेरिअल विकत घेऊन ही तक्रार फक्त पुढे ढकलली जाणार आहे.

कड बिघडते कशी

गुंडाळलेली तार म्हणजे स्टीलच्या गाभ्यावर वळसे घालून बसवलेली दुसरी तार. ॲकॉस्टिकवर ती फॉस्फर ब्रॉन्झची असते किंवा ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्ताच्या मिश्रधातूची. इलेक्ट्रिकवर बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलची. बोट फिरवलं तर स्क्रूच्या आट्यांसारखं लागतं. म्हणजे ही एक लांबलचक कानसच आहे, आणि आपण तिच्यावर दर मिनिटाला शेकडो वेळा प्लॅस्टिक घासत असतो.

बहुतेक वादक पिक तारेला अगदी समांतर धरत नाहीत, थोडं तिरकं धरतात. त्यामुळे खाली मारताना पिकचा हेडस्टॉककडचा (खुंट्यांच्या टोकाकडचा) खांदा आधी तारेला लागतो आणि वर येताना ब्रिजकडचा (बॉडीवर तारा अडकवतात त्या पट्टीकडचा), तोही पिकच्या दुसऱ्या अंगाने. म्हणून झीज दोन ठिकाणी, कर्णासारखी समोरासमोर पडते. यातून एक मजेची गोष्ट निघते: हे पिक बोटांत पलटून धरलं तरी पडलेला उतार पुन्हा बरोबर जागेवर येतो. पण तेच झिजलेलं पिक डावखुऱ्या वादकाला दिलं तर त्याला ते उलटं लागेल.

हा उतार म्हणजे नुकसान नव्हे, हे मुद्दाम सांगते. तो तुमच्या हाताच्या कोनानेच कोरलेला असतो. अनेकांना जुनं पिक नव्यापेक्षा हाताला बरं वाटतं ते याच उतारामुळे. त्रास देतात ते त्या उतारावरचे चरे. म्हणून पिक टाकून दिलं की चांगला उतार आणि वाईट चरे दोन्ही एकदमच जातात, आणि नव्या पिकवर दोन्ही पहिल्यापासून सुरू होतात.

कोणतं मटेरिअल कसं झिजतं

सेल्युलॉइड हे पिकचं जुनं मटेरिअल. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणातून ते बनतं; जॉन वेस्ली हायट याने १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कासवाच्या पाठीच्या कवचासारखे तपकिरी-पिवळे ढग असलेली पिक्स तुम्ही पाहिली असतील, ती बहुतेक याचीच. खरं कवच हॉक्सबिल कासवाचं असायचं. धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या १९७३ च्या साइट्स करारानंतर त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद होत गेला, आणि तो बंद झाला हे फार बरं झालं. सेल्युलॉइडची कड तुलनेने मऊ. ती गोलाकार झिजते, चरे लवकर पडतात पण खोल नसतात, आणि सगळ्यांत सहज पुन्हा गुळगुळीत होतात. आवाज मला उबदार वाटतो, सुराला सुरुवात मिळते पण टोचत नाही. त्याची एक ओळख सांगते: वॉटर पेपरवर (पाणी लावून वापरायच्या पॉलिश पेपरवर) दोन-चार वेळा घासून लगेच नाकाजवळ न्या, कापराचा वास येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी दोनदा खात्री करून घेतली होती. मात्र हे मटेरिअल चटकन पेट घेतं. टेबल टेनिसच्या स्पर्धांमधून सेल्युलॉइडचे चेंडू २०१४ पासून मागे पडले, त्यामागच्या कारणांत हा ज्वलनशीलपणाही सांगितला गेला. तेव्हा हे पिक मशीनवर घासायचं नाही, हातानेच. आणि मेणबत्तीशेजारी ठेवायचं नाही.

नायलॉनची गोष्ट वेगळी. १९३५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्सच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. ते चिवट आहे. पातळ नायलॉन पिक दुमडलं तरी सहसा तुटत नाही. म्हणून ०.३८ किंवा ०.४६ मिलिमीटरइतकी पातळ पिक्स नायलॉनची सर्रास मिळतात. पण चिवट वस्तू सुबक झिजत नाही. नायलॉनच्या कडेला चरे पडण्याऐवजी कुसं सुटतात, जुन्या कापडाच्या काठासारखी. ती कुसं गुंडाळलेल्या तारेवर 'सर्र' करतात. पॉलिश पेपरने घासलं तर बऱ्याचदा कुसं वाढतात, म्हणून इथे उपाय निराळा, तो पुढे सांगते. शिवाय नायलॉन हवेतला ओलावा शोषून घेतं. ओलाव्याने ते किंचित नरम होतं, अगदी कोरड्या हवेत कडक. कालचं पिक आज वेगळं का लागतंय, असा प्रश्न पडणाऱ्यांनी पिकपेक्षा हवेकडे बघावं.

असीटल म्हणजे पॉलीऑक्सिमिथिलीन. डेलरिन हे त्याला ड्यूपाँटने दिलेलं नाव. दातेरी चक्रं आणि बेअरिंग यांच्यासाठी ते वापरतात, कारण त्याचं घर्षण कमी आणि पाणी ते फारसं शोषत नाही. डनलॉप कंपनीची टॉर्टेक्स पिक्स १९८१ पासून याच वर्गातल्या मटेरिअलची. त्यांचे रंग आता जाडीची खूणच झाले आहेत: नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.००. 'मला हिरवं लागतं' असं वादक सहज म्हणतात आणि समोरच्याला कळतं. पृष्ठभाग खडूसारखा मऊ आणि मॅट, म्हणजे बिनचमकीचा, त्यामुळे सुरुवातीला पकड उत्तम. झिजताना ते भुकटी सोडतं. पिकअपच्या (इलेक्ट्रिकवर तारांखाली बसवलेल्या, आवाज टिपणाऱ्या भागाच्या) भोवती किंवा साउंडहोलच्या (ॲकॉस्टिकच्या गोल भोकाच्या) कडेला पिकच्याच रंगाची धूळ दिसली तर घाबरू नका, गिटारचा रंग उडत नाहीये. टोक मात्र भराभर गोल होतं. आवाज दिवसेंदिवस मंद होत जातोय, खरखर नाही पण धारही नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा हेच मटेरिअल हातात असतं.

पॉलीइथरइमाइड, अल्टेक्स या नावाने अनेकांच्या ओळखीचं, कडक आणि झीज सोसणारं. माझ्या हातात एक पिक महिनोन्महिने टिकतं. चरे उशिरा पडतात. पण पडले की टिकूनही राहतात, आणि कडक कडेवरचा चरा कानाला जास्त बोचतो. मूळ आवाजही झळझळीत, साध्या तारांवर थोडा 'चिक' असतोच. तो चिक झिजेचा नव्हे, त्या मटेरिअलचा स्वभाव आहे. आवडला तर ठेवा, पण नावडला तरी घासून तो जाणार नाही.

बाकीचे थोडक्यात. केसीन दुधातल्या प्रथिनापासून बनतं. कवचाच्या जवळ जाणारा आवाज म्हणून त्याचं कौतुक होतं, पण पाण्यात बुडवू नका, फुगतं. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखाचाच पदार्थ; आवाज गोड, पण ते तंतूंच्या रेषेत चिरतं. लाकूड फार लवकर झिजतं. स्टीलच्या तारांवर धातूचं पिक म्हणजे धातूवर धातू, ते तारांचे वळसे खातं. तरी धातूला नावं ठेवून चालणार नाही. क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे आयुष्यभर जुन्या ब्रिटिश सहा पेन्सच्या नाण्याने वाजवत आला आहे, आणि त्या नाण्याच्या दातेरी कडेची करकर त्याच्या सुरांच्या सुरुवातीला ओळखू येते. जी खरखर मी घालवायला निघाले ती त्याने मुद्दाम ठेवली, कारण त्याला ती हवी होती. स्वतःला हवी आहे की नाही, हे एकदा कानांना विचारून घ्यावं.

जाडीची गल्लत

आता दुसऱ्या चाचणीत ज्यांना साध्या तारांवरही 'टिक' आला, त्यांच्यासाठी.

'नायलॉन मऊ, सेल्युलॉइड कडक' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, दोन्हींची जाडी काय होती? किती वेळा जाडीच वेगळी निघते याचा आकडा मी देत नाही, पण माझ्या स्वतःच्या डब्यात तरी एकाही जोडीची जाडी सारखी नव्हती. मी ०.६० च्या नायलॉनची तुलना १.०० च्या असीटलशी करून मटेरिअलबद्दल मत बनवत होते.

वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ०.६० वरून ०.७३ वर गेलात तर कडकपणा सुमारे १.८ पट होतो. ०.७३ वरून १.०० वर गेलात तर अडीच पटींहून थोडा जास्त. ०.६० ची जाडी दुप्पट करून १.२० केली तर आठपट. नायलॉन, असीटल, सेल्युलॉइड या नेहमीच्या प्लॅस्टिकमधला फरक इतका मोठा नसतो. म्हणून दोन मटेरिअल तोलायची असतील तर जाडी आणि आकार एकच हवा. फेंडर कंपनीचा ३५१ हा नेहमीचा अश्रूसारखा आकार बऱ्याच मटेरिअलमध्ये मिळतो, तो घ्या.

याहून मजेशीर गोष्ट बोटांबाहेर राहिलेल्या लांबीची. पिकचं टोक बोटांपुढे ५ मिलिमीटर काढण्याऐवजी ८ मिलिमीटर काढलं, तर त्याच पिकचा कडकपणा जवळजवळ चौथाईवर येतो, कारण लांबीचाही घनच लागतो. पिक निमुळतं असल्याने हा हिशेब अगदी काटेकोर नाही, पण दिशा तीच. म्हणजे वाजवता वाजवता पिक तीन मिलिमीटर सरकलं की तुमच्या हातात दुसरंच पिक असतं. 'सुरुवातीला बरं वाजतं, अर्ध्या तासाने लुळं पडतं' या तक्रारीचं मूळ इथे असतं.

कडक पिकला 'टिक' का येतो? आघात संपायच्या आत पिक तारेवर येऊन टेकतं आणि त्या टेकण्याचाही आवाज होतो. पातळ पिक टेकताना वाकतं, तिथे 'टिक'ऐवजी 'फट' येतो, विशेषतः जोरात स्ट्रमिंग करताना, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडताना. त्यामुळे जाड पिक तारेत खोल घालायचं नाही. दोन-तीन मिलिमीटर टोक पुरे. एका मुलाने १.५० मिलिमीटरच्या पिकने पूर्ण कॉर्ड जोरजोरात मारत, पिक तारांत अडकतं म्हणून तिसरं मटेरिअल बदललं होतं. त्याला मी फक्त ०.६० दिलं. मटेरिअल तेच. अडकणं थांबलं.

आणि हात कुठे आघात करतोय तेही बघा. ब्रिजकडून साउंडहोलकडे हात पाच सेंटीमीटर सरकवला तर आवाजात जेवढा फरक पडतो, तेवढा दोन मटेरिअलमध्ये मला क्वचितच ऐकू आला आहे. तुलना करताना हाताखाली गिटारच्या बॉडीवर कागदी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून जागा पक्की करते. पिकच्या मागे पेन्सिलने आकडे टाकते आणि दुसऱ्या कोणाला तरी ती एकेक करून हातात द्यायला लावते. फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकते. अशा ऐकण्यात माझी काही ठाम मतं गळून पडली. काही आणखी ठाम झाली: सेल्युलॉइड आणि पॉलीइथरइमाइड मला डोळे मिटून ओळखता येतात, असीटल आणि नायलॉन एकाच जाडीत बऱ्याचदा येत नाहीत.

कड दुरुस्त कशी करायची

लागतं काय? ६००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, एक सपाट फरशी किंवा काच, जुन्या जीन्सचा तुकडा.

६०० चा पेपर फक्त खोल चऱ्यांसाठी. बारीक असतील तर सरळ १००० ने सुरू करा. पेपर काचेवर ठेवा, त्यावर दोन थेंब पाणी टाका म्हणजे भुकटी उडणार नाही (केसीनला मात्र पाणी नको). पिक तुम्ही तारेला ज्या कोनात लावता साधारण त्याच कोनात कलता धरा, म्हणजे आधीचा उतार तसाच राहील, आणि कडेच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवं घासू नका. ही एकच गोष्ट चुकली की सगळी मेहनत वाया जाते, कारण पेपरही चरेच पाडतो. तार कडेवरून टोकाकडे घसरते. चरे त्याच दिशेचे असतील तर तिला ते लागत नाहीत, आडवे असतील तर तुम्ही नवे दाते कोरलेत. दोन्ही खांदे, मग टोक. टोकाला पेपरवर हलकेच डुलवायचं, दाबायचं नाही. तिथे दहा आघातांत आकार बदलतो.

मग २००० ने तेच. शेवटी जीन्सवर मिनिटभर जोरात घासा. सेल्युलॉइडची आणि पॉलीइथरइमाइडची कड इथे काचेसारखी चमकायला लागते, आणि तो क्षण मला अजूनही आवडतो. असीटल तेवढं चमकत नाही, गुळगुळीत झालं की पुरे. दर थोड्या वेळाने नखावर ओढून बघा. नख 'झालं' म्हणेल तेव्हा थांबायचं.

नायलॉनसाठी पेपरच्या आधी धारदार पातं. पातं कडेवर जवळजवळ उभं धरून, कापल्यासारखं नव्हे तर खरवडल्यासारखं, टोकाच्या दिशेने ओढायचं. कुसं निघून येतात. त्यानंतर थेट २००० चा पेपर आणि जीन्स. पहिल्यांदा करताना टाकाऊ पिकवर करा, आणि बोट पात्याच्या वाटेत ठेवू नका.

माझ्या त्या रात्रीच्या पिकवर हे सगळं केलं, तेव्हा ते नव्यापेक्षा चांगलं वाजलं. उतार माझ्या हाताचा, आणि वर चरे नाहीत.

पिक हातात फिरतं, निसटतं

ही तक्रार खरखरीची जुळी बहीण आहे. हाताच्या तेलाने आणि घामाने पृष्ठभागावर थर बसतो. मॅट असीटल तर बोटांच्या घासण्याने मधोमध गुळगुळीतच होऊन जातं. पकड सैल झाली की आपण नकळत घट्ट चिमटतो. घट्ट चिमटलं की मनगट आखडतं, पिक तारेत खोल जातं, कोन बदलतो आणि 'टिक' वाढतो. मग आपण आवाजासाठी मटेरिअल बदलतो, आणि बिघडलेली असते पकड.

आधी पिक साबणाने धुवा (केसीनचं सोडून). इतका साधा उपाय सांगताना लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण निम्मं काम त्यात होतं. मग पकडीच्या जागी सुईने किंवा कटरच्या टोकाने आडव्या-उभ्या रेषा कोरा, बारीक जाळी होईल अशा. किंवा मधोमध एक भोक पाडा. बोटांची कातडी भोकात किंचित शिरते आणि पिक फिरत नाही. नायलॉनच्या काही पिक्सवर उठावदार नक्षी मुळातच असते, ज्यांच्या हाताला घाम फार येतो त्यांना मी तीच सुचवते. फिरण्याची खोड तरीही गेली नाही तर मोठं तिकोनी पिक घ्या. त्याला तीन सारखी टोकं असतात, फिरलं तरी समोर टोकच येतं, आणि झीज तीन ठिकाणी वाटली जाते.

तार तुटण्याचा आळही पिकवर येतो. तुटलेल्या तारेचा तुकडा फेकण्याआधी ती कुठे तुटली ते मोजा. सॅडलवर, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीवर, तुटली असेल तर तिथे टोचणारा कंगोरा आहे, पिक बदलून काही होणार नाही. आघाताच्या जागी तुटली तरच पिककडे वळा.

मग मटेरिअल कधी बदलायचं

कड गुळगुळीत आहे, जाडी ठरली आहे, पकड पक्की आहे, आणि तरीही काहीतरी खटकतंय, तेव्हा. आता जे खटकतंय ते खरोखर मटेरिअलचं आहे आणि आता तुलनेला अर्थ आहे. झळाळी जास्त होत असेल तर पॉलीइथरइमाइडवरून सेल्युलॉइडवर या. टोक फार लवकर बोथट होतं म्हणून वैताग असेल तर उलट दिशेने जा, आणि थोडा चिक पत्करा. तासन्‌तास स्ट्रमिंग करणाऱ्याला पातळ नायलॉनला पर्याय मला अजून सापडलेला नाही. भराभर एकेक सूर वाजवणाऱ्याला कडक, लहान आणि टोकदार पिक बरं पडतं. जॅझ थ्री हे १.३८ मिलिमीटरचं छोटं पिक याच कारणाने अनेकांच्या हातात दिसतं. ज्यांच्या हातून पिक्स हरवतात त्यांनी शिंग-केसीनच्या वाटेला जाऊ नये, जीव हळहळतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. मटेरिअल बदललं तर जाडी तीच, आकार तोच, तारा त्याच.

मी आता पिकच्या पाठीवर ते वापरायला काढल्याची तारीख सुईने कोरते. तारा बदलायच्या दिवशी जुन्या तारा काढून झाल्या, नव्या लावायच्या आहेत, त्या मधल्या वेळात पिक साबणाने धुऊन होतं, दोन्ही खांदे नखावर ओढून होतात, आणि अडकलं तर काचेवर २००० चा पेपर ठेवलेलाच असतो. सध्या हातात असलेलं ०.८८ चं सेल्युलॉइड असं सात वेळा घासलं आहे. टोकापासून दीडेक मिलिमीटर आखूड झालंय, खांदे माझ्या बोटांना ठाऊक झालेत. आणखी दोन-तीनदा घासता येईल, मग त्याचं गोल टोक घासून धार काढेन.